टेरेसवर फोम मारून घेण्याआधी : मुंबईतील गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सदस्य,
मुंबईतील सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय : टेरेसवर व घरात पीयू (पॉलियुरेथेन) स्प्रे फोम मारण्याचे प्रस्ताव

स. न. वि. वि.

होळी झाली की सोसायट्यांच्या ऑफिसात टेरेसची कोटेशनं येऊन पडतात. गेली काही वर्षं त्यांत एक ओळ ठरलेली असते : ‘पीयू फोम स्प्रे, हीटप्रूफ आणि वॉटरप्रूफ, १० वर्षे गॅरंटी, दर प्रति चौरस फूट अमुक.’ जाडी किती, घनता किती, फोमखाली काय आणि फोमवर काय, याचा पत्ता नसतो. वरच्या मजल्यावरचे सभासद उन्हाने आणि गळतीने दोन्हीकडून वैतागलेले असतात, पावसाळा तोंडावर असतो, आणि समिती ‘एकाच खर्चात दोन कामं’ म्हणून सही करून मोकळी होते.

आम्ही टेरेस, वॉटरप्रूफिंग आणि इन्सुलेशनच्याच कामातले लोक आहोत. फोम वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. उष्णता अडवायला त्याच्याइतकं पातळ आणि हलकं दुसरं काही सहज मिळत नाही. पण तो गळतीवरचा उपाय नाही. गळक्या स्लॅबवर फोम मारणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

यावर कंत्राटदार सांगेल, की क्लोज्ड सेल, म्हणजे बंद पेशींचा, फोम पाणी पीत नाही आणि अमेरिकेत फोमचीच छतं करतात. दोन्ही खरं आहे. पण तिथे फोमवर सिलिकॉनचं किंवा अॅक्रिलिकचं जाड कोटिंग असतं, त्याची नियमित तपासणी होते, ठरावीक वर्षांनी ते पुन्हा मारलं जातं, आणि त्या छतावर एरवी कोणी फिरकत नाही. आपल्या टेरेसवर पाण्याच्या टाक्या, डिश, सोलर, एसीची आउटडोअर युनिटं, वाळवणं आणि जानेवारीत पतंग. शिवाय आपली गळती बहुधा मोकळ्या स्लॅबमधून होतच नाही. ती पॅरापेटच्या सांध्यातून, पावसाळी पाइपाच्या तोंडाशी, टाकीच्या पायाशी आणि जुन्या डिशच्या बोल्टच्या भोकातून होते. तिथून शिरलेलं पाणी कोब्यातून, म्हणजे स्लॅबवरच्या विटांच्या तुकड्यांच्या थरातून, आडवं पसरतं आणि भलत्याच खोलीत टपकतं. वर फोम आला की ते आत कुठून शिरतंय हे शोधणंही हाताबाहेर जातं.

आधी उष्णतेचा हिशेब. १५० मिमी आरसीसी स्लॅब आणि वर १०० मिमी ब्रिकबॅट कोबा धरला, तर छताचं यू-मूल्य साधारण २.३ येतं, म्हणजे आतबाहेर एका अंशाचा फरक असला की दर चौरस मीटरमधून २.३ वॅट उष्णता आत येते. नव्या निवासी इमारतींसाठी केंद्राच्या इको निवास संहिता २०१८ मध्ये छताची कमाल मर्यादा १.२ आहे. नव्या फोमची उष्णतावाहकता ०.०२२ च्या आसपास असते. पेशींतला वायू हळूहळू निसटून हवा शिरते तशी ती वाढते, म्हणून हिशेबाला ०.०२६ धरावी. त्या आकड्याने २५ मिमी फोममुळे यू-मूल्य ०.७२ वर येतं, ४० मिमीला ०.५१, ५० मिमीला ०.४२ आणि ७५ मिमीला ०.३०. पहिल्या इंचातच बहुतेक काम होतं. मुंबईला ४० ते ५० मिमी पुरे. ७५ आणि १०० मिमीचे प्रस्ताव कोल्ड स्टोरेजच्या सवयीतून येतात, त्यांचे पैसे वाचवा.

५०० चौरस फुटांच्या घरावरची टेरेस एप्रिलच्या दुपारी ६० अंशांवर आणि खोली ३० अंशांवर धरली, तर छतातून सव्वातीन किलोवॅटच्या आसपास उष्णता आत यायला बघते. एक टनी एसी साडेतीन किलोवॅट बाहेर काढतो. म्हणजे एक आख्खा एसी निव्वळ स्लॅबशी झुंजण्यात जातो. ४० मिमी फोमनंतर हा आकडा पाऊण किलोवॅटच्या आत येतो. हिशेब ढोबळ आहे. स्लॅब तापायला वेळ घेतो आणि रात्री नऊ-दहापर्यंत उष्णता सोडत राहतो, त्यामुळे प्रत्यक्षात हा भार दुपारकडून संध्याकाळकडे सरकतो. आणि पश्चिमेच्या खिडकीतून येणारं ऊन फोमने थांबत नाही, हेही सभासदांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर काम चोख होऊनही तक्रार येते.

आता थर. क्रम चुकला की बाकीचं सगळं वाया जातं. स्लॅबच्या भेगा आणि गंजलेल्या सळ्यांची दुरुस्ती. मग किमान १०० ला १ असा उतार. मग वॉटरप्रूफिंगचा पडदा, जो पॅरापेटवर ३०० मिमी चढवून खाचेत दाबलेला असेल आणि कोपऱ्यात गोलाई असेल. मग पाइपांची तोंडं बंद करून ४८ ते ७२ तास पाणी साठवून चाचणी. ती पास झाल्याशिवाय फोमचा ड्रम गेटच्या आत येऊ देऊ नका. चाचणीनंतर टेरेस सुकवायची, प्रायमर मारायचा, मग फोम. फोमवर जिओटेक्स्टाइलचं कापड किंवा जाड पॉलिथीन, त्यावर जाळी घातलेला ५० मिमी काँक्रीटचा स्क्रीड, ३ बाय ३ मीटरच्या चौकटी पाडून आणि चौकटींचे सांधे लवचीक सीलंटने भरून. शेवटी चायना मोझॅक किंवा पांढऱ्या टाइल्स.

स्क्रीड वाचवून नुसतं कोटिंग मारू, स्वस्त पडेल, असा पर्याय येईल. ४० ते ४५ घनतेचा (किलो प्रति घनमीटर) फोम चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलो दाब सोसतो. लोखंडी शिडीवर माणूस चढला की एका पायाखाली त्याच्या दुप्पट दाब सहज येतो आणि पाय कोटिंगसकट आत रुततो. कावळे उघडा फोम टोचतात, उंदीर त्यात बिळं करतात. जिथे वर्षातून दोनदाच माणूस जातो अशा लिफ्टरूमच्या किंवा जिन्याच्या माथ्यावर कोटिंग चालेल. रोजच्या वापराच्या टेरेसवर नाही.

पण स्क्रीड म्हटला की वजन आलं. ५० मिमी काँक्रीट म्हणजे चौरस मीटरला १२० किलो. फोम स्वतः जेमतेम दोन किलो. जुना कोबा तसाच ठेवून त्यावर हे सगळं चढवणं म्हणजे आधीच्या २०० किलोंवर आणखी सव्वाशे. जुन्या इमारतीत हे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी मान्यतेशिवाय करू नये. कोबा काढून त्याजागी हलका उताराचा थर, पडदा, फोम आणि स्क्रीड केला तर एकूण वजन उलट कमी होऊ शकतं. काढण्याचा खर्च जास्त, राबिट उतरवायचा त्रास जास्त, पण तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीला आमच्या मते हाच मार्ग.

उंचीचाही विचार करा. ४० मिमी फोम आणि ५० मिमी स्क्रीड म्हणजे टेरेस ९० मिमी वर आली. टेरेसच्या दाराचा उंबरा १०० मिमीचा असेल तर एक सेंटिमीटर उरला, आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी जिन्यात आणि लिफ्टच्या खड्ड्यात. उंबरा आधी वाढवून घ्या. पाइपांच्या तोंडाभोवती अर्ध्या मीटरच्या चौकोनात फोम निमुळता करत शून्यावर आणावा लागतो, नाहीतर पाणी तोंडापाशी येऊन थांबतं. सोलरचे, टाकीचे, डिशचे चौथरे फोमच्या आधी बांधायचे. फोमनंतर कोणी ड्रिल घेऊन वर गेला तर पडद्याला भोक ठरलेलंच.

मालाचं प्रमाण समितीला घरबसल्या तपासता येतं, आणि इथेच सर्वांत जास्त फसवणूक होते. समजा टेरेस ३,००० चौरस फूट, म्हणजे २७९ चौरस मीटर. ४० मिमी जाडीने फोमचं घनफळ ११.२ घनमीटर. घनता ४२ किलो प्रति घनमीटर धरली तर फोम ४७० किलो, आणि वाया जाणारा १० टक्के धरून माल सुमारे ५१५ किलो. फोम दोन द्रवांचा होतो : एक आयसोसायनेट, दुसरा पॉलिऑल, ज्यात उत्प्रेरक, अग्निरोधक आणि फुगवणारा वायू मिसळलेला असतो. मशीन दोन्ही सारख्या आकारमानात ओढतं, त्यामुळे दोन्ही मिळून ५१५ किलोचे सीलबंद ड्रम आले पाहिजेत. तीनशे किलोच माल आला असेल तर एकतर जाडी कमी होणार किंवा घनता. ड्रम आल्यावर लेबल, बॅच नंबर आणि वापरण्याची मुदत यांचे फोटो काढून फाइलला लावा. रिकामे ड्रम हिशेब पूर्ण होईपर्यंत आवारातून हलू देऊ नका. आयसोसायनेटचा भरलेला ड्रम अडीचशे किलोचा असतो आणि सहा माणसांची लिफ्ट ४०८ किलोची. ड्रम, ट्रॉली आणि दोन हमाल मिळून ती भरलीच समजा. माल बाहेरून दोराने-पुलीने चढवायची अट घाला.

काम कोणत्या महिन्यात करायचं यावर समित्या फारसा विचार करत नाहीत. मुंबईत मान्सून सरासरी ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. मे महिन्यात घाईने उरकलेलं काम सगळ्यांत जास्त फसतं. आयसोसायनेटला पाणी दिसलं की ते पॉलिऑल सोडून पाण्याशी संयोग करतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. पृष्ठभाग ओला असेल तर तिथे बुडबुडे येतात, फोम चिकटत नाही, आणि काही महिन्यांनी टाचेने ठोकलं की पोकळ आवाज येतो. नियम असा, की पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतलं बाष्प दव होऊन बसतं) किमान तीन अंश जास्त हवं आणि हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली. हवा ३० अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २५ अंश येतो. म्हणजे स्लॅब २८ च्या खाली असताना फवारणी करायची नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत चांगले, पण सकाळी टेरेसवर दव असतं. दहापर्यंत थांबावं लागतं. दुपारी समुद्रावरचा वारा सुरू होतो आणि फवाऱ्याचे कण उडायला लागतात. ताशी २० किलोमीटरच्या वर वारा गेला की बंदूक खाली ठेवायची. म्हणजे हाती सकाळचे तीनेक तास राहतात. ‘एका दिवसात सगळी टेरेस’ म्हणणाऱ्याला विचारा, दव आणि वारा या दोघांना तू कसं टाळणार? एप्रिल-मेच्या दुपारी आणखी एक अडचण : स्लॅब पन्नाशीच्या वर तापलेला असला की फोम नीट पसरण्याआधीच फुगतो आणि पोत बिघडतो.

स्लॅब सुकला का हे बघायची सोपी रीत आहे. ४५ सेंटिमीटरचा पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब जमलेले दिसले किंवा खालचं काँक्रीट काळवंडलेलं दिसलं तर अजून ओल आहे. टेरेसवर असे चार-पाच चौकोन लावा, त्यातला एक पॅरापेटलगत.

प्रत्यक्ष फवारणीच्या वेळी समितीच्या एका सदस्याने वर थांबावं. श्वसनाचं संरक्षण नसेल तर लांब, वारा जिकडून येतो त्या बाजूला. मशीन दोन्ही द्रव तापवून उच्च दाबाने बंदुकीपर्यंत नेतं आणि ते नळीच्या टोकालाच मिसळतात. तापवणारी नळी नसलेलं, बादलीत ढवळून ओतायचं किंवा हलक्या दाबाचं यंत्र टेरेसच्या कामाला चालणार नाही. मशीनला थ्री-फेज वीज लागते. सोसायटीच्या लिफ्टच्या किंवा पंपाच्या लाइनवरून ती देऊ नका, कंत्राटदाराने जनरेटर आणावा. विजेचा दाब पडला की हीटर मंदावतो, एक द्रव घट्ट होतो, प्रमाण बिघडतं आणि फोम दिसायला ठीक पण आतून खराब निघतो.

एका हातात १५ ते २५ मिमीचाच थर मारायचा, तो थंड झाला की दुसरा. फोम होताना स्वतःची उष्णता निर्माण होते आणि फोम ती बाहेर जाऊ देत नाही, तोच तर त्याचा गुण. एका दमात ७५-१०० मिमी मारला तर गाभा करपून तपकिरी होतो, चिरा पडतात. जाड ढिगाने पेट घेतल्याचे प्रकारही झालेले आहेत. उरलेला माल बादलीत ओतून कोपऱ्यात ठेवायलाही त्याच कारणाने मनाई हवी.

चांगला थर संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. लाह्यांसारखा दाणेदार किंवा झाडाच्या सालीसारखा खवल्यांचा असेल तर तो भाग कापून पुन्हा मारायला लावा, कारण त्या खळग्यांत पाणी साठतं आणि वरचा थर नीट बसत नाही. बोटाने दाबल्यावर ठिसूळ होऊन भुगा पडत असेल तर आयसोसायनेट जास्त झालं. मऊ, चिकट राहिला आणि मासळीसारखा वास दिवसेंदिवस जात नसेल तर पॉलिऑल जास्त झालं. दुसरा प्रकार वाईट. तो वास वरून काही लावून जात नाही, फोमच काढावा लागतो.

जाडी तपासायला सायकलची तार घ्या, ४० मिमीवर खूण करा आणि दर दहा चौरस मीटरला एकदा टोचा. कंत्राटदार दाखवेल तिथे नको, तुम्हाला वाटेल तिथे, विशेषतः पॅरापेटच्या कडेला; तिथे हात चोरलेला असतो. भोकं त्याच दिवशी बुजवून घ्या. घनता पाहायची तर १० बाय १० सेंटिमीटरचा पूर्ण जाडीचा तुकडा कापून काट्यावर ठेवा. ४० मिमी जाडीच्या तुकड्याचं वजन १७ ग्रॅमच्या जवळ हवं. बारा ग्रॅम भरलं तर घनता तीसच्या घरात आहे, आणि तो फोम स्क्रीडखाली दबणार. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा यासाठी पुरतो. कोटेशनमध्ये ‘भारतीय मानक आयएस १२४३२ भाग ३ नुसार, घनता ४२ अधिक-उणे २, जाडी किमान ४०, सरासरी नव्हे’ असं लिहून घ्या. ‘सरासरी’ हा शब्द राहिला की मध्ये ५० आणि कडेला २० मारून हिशेब जुळवला जातो.

ऊन लागलं की उघडा फोम आधी पिवळा, मग नारिंगी होतो आणि वरचा पापुद्रा भुकटी होऊन उडतो. तीन दिवसांच्या आत तो झाकला गेला पाहिजे. फोम मारून महिनाभर ‘स्क्रीडवाले येतायत’ म्हणत टेरेस उघडी पडली असेल तर वरचा थर घासून मगच पुढचं काम.

सभासदांच्या तब्येतीचं थोडं सविस्तर, कारण सर्क्युलरमध्ये हे येत नाही. आयसोसायनेटचे कण श्वासातून गेले तर काहींना दम्यासारखी ॲलर्जी जडते आणि एकदा जडली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही अटॅक येऊ शकतो. फवारणाऱ्यांना बाहेरून हवा पुरवणारा मास्क किंवा निदान योग्य कार्ट्रिजचा पूर्ण चेहऱ्याचा मास्क, अंगभर सूट आणि नायट्राइलचे हातमोजे हवेत. तोंडाला रुमाल बांधून बंदूक धरणारी टोळी आली तर काम थांबवा. ती माणसं कंत्राटदाराची असली तरी टेरेस तुमची आहे. वरच्या दोन मजल्यांच्या खिडक्या फवारणीच्या वेळी बंद, एसीची बाहेरची युनिटं बंद आणि झाकलेली. दम्याच्या रुग्णांनी आणि लहान मुलांनी तो दिवस आणि पुढचे २४ तास दुसरीकडे राहावं. पाण्याच्या टाक्यांची झाकणं आणि हवेचे पाइप प्लास्टिकने घट्ट बांधा, काम संपल्यावर सोडायला विसरू नका. खालच्या गाड्या हलवा किंवा झाका, शेजारच्या सोसायटीलाही कळवा. काचेवर आणि रंगावर बसलेले कण साध्या धुण्याने निघत नाहीत.

आता घराच्या आतून छताला फोम मारण्याविषयी. वरच्या मजल्यावरचे सभासद स्वतःच्या खर्चाने हे करून घेतात आणि समितीकडे ना-हरकत मागतात. ती देऊ नका. स्लॅब वरून भिजत राहतो, खालून फोमने बंद होतो, ओल आत कोंडते आणि सळ्या गंजतात. पण पापुद्रे सुटलेले दिसत नाहीत, डाग दिसत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तीस वर्षांवरच्या इमारतींना मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं, आणि ऑडिट करणाऱ्याला स्लॅबचा तळ दिसला आणि ठोकता आला पाहिजे. ब्रिटनमध्ये लाकडी छपराला आतून फोम मारलेल्या घरांवर कर्ज द्यायला अनेक वित्तसंस्था कचरतात, ते याच कारणाने : सर्वेक्षकाला वासे दिसत नाहीत. त्यात आगीचा धोका वेगळाच. उघडा फोम पेटला की धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतं, आणि तो धूर झोपण्याच्या खोलीत असतो. छतातल्या पाइपांमधल्या वायरी फोमखाली गेल्या की त्यांची उष्णता निघत नाही, त्यामुळे करंट वाहायची त्यांची क्षमता घटते. आणि टेरेसच्या गळतीने वरच्या मजल्याचं छत व प्लास्टर खराब झालं तर दुरुस्ती आदर्श उपविधींनुसार संस्थेच्या खर्चाने आहे. सभासदाने फोम मारून ठेवला असेल तर उद्या नुकसान कोणाचं आणि कशामुळे, हा वाद समितीच्याच गळ्यात येतो.

पत्र्याच्या शेडखालचा फोम थोडा बरा, पण तिथेही पत्र्याचा गंज आणि स्क्रूची गळती झाकली जाते. समुद्राजवळ तर पत्रा आतून कधी खाल्ला गेला ते कळतच नाही. पत्रा नवा असेल, वायरिंग फोमपासून दूर असेल आणि खाली जिप्सम किंवा सिमेंट बोर्ड लावणार असाल तरच.

छोट्या कॅनमधल्या फोमने अनेक घरांत चांगली कामं होतात. ७५० मिलीच्या कॅनमधून मोकळा फुगला तर तीस-चाळीस लिटर फोम निघतो, म्हणून भोक अर्ध्याहून कमी भरायचं. एसीच्या पाइपाचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं असावं. आतली धूळ काढून पाण्याचा हलका फवारा मारा, कारण हा फोम ओलाव्यानेच घट्ट होतो. तासाभराने कडा कापा आणि बाहेरून पॉलियुरेथेन सीलंटने बंद करा. बाहेरच्या बाजूला नुसता फोम ठेवला तर उन्हाने सुटतो आणि पावसाचं पाणी थेट भिंतीत. खिडकीच्या चौकटीभोवती एकदम भरला तर यूपीव्हीसीची चौकट आत फुगते आणि शटर अडकतं. आधी आतून आडवे टेकू लावा. हाताला लागलेला ओला फोम ॲसिटोनने निघतो, सुकलेला फक्त खरवडून. गॅस गीझरच्या धुराड्याभोवती हा फोम अजिबात नको. उंदीर थांबवायचे तर जाळी आणि सिमेंटचा मसाला, फोम ते रात्रीत कुरतडतात.

आणि एक चूक समित्यांकडून सर्रास होते : इलेक्ट्रिकच्या डक्टमध्ये मजल्यामजल्यावरची भोकं साध्या कॅनच्या फोमने बुजवणं. ती भोकं आग आणि धूर वर चढू नये म्हणून बंद करायची असतात. साधा फोम स्वतःच जळतो. तिथे आग अडवण्यासाठी चाचणी झालेलं सीलंट किंवा मॉर्टारच हवं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक आणि जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली दर जानेवारीत आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र घेता, त्या वेळी डक्टची दारं उघडून दाखवायला सांगा.

टेरेसच्या फोमचा अग्निचाचणी अहवाल मागताना तो नेमक्या त्याच मालाचा आणि त्याच जाडीचा आहे का बघा. ‘क्लास १’ याचा अर्थ जळत नाही असा नव्हे. ज्वाळा पृष्ठभागावरून किती सावकाश पसरते एवढंच ते सांगतं. फोम उघडा असेपर्यंत टेरेसवर वेल्डिंग, टॉर्चने पडदा चिकटवणं आणि सिगारेट, तिन्हींना बंदी. फुगवणाऱ्या वायूचंही विचारून घ्या : ओझोनला घातक एचसीएफसी-१४१बी भारतात १ जानेवारी २०२० पासून बंद आहे, आणि ‘जुना स्टॉक आहे, स्वस्तात देतो’ म्हणणारा दोन अर्थांनी जुना माल देतोय.

सही करण्याआधी दोन पर्याय तोलून बघा. सभासदांची तक्रार फक्त उष्णतेची आणि टेरेस सुस्थितीत असेल, तर आधी पांढरं परावर्तक कोटिंग मारून एक उन्हाळा काढा; खर्च फोमच्या मानाने फारच कमी. मात्र ते दर हिवाळ्याच्या शेवटी धुवावं लागतं, मुंबईच्या धुळीने पांढरेपणा लवकर जातो. आणि पडदा नवा करणारच असाल, तर त्यावर ५० मिमीचे एक्सपीएस (एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीन) बोर्ड अंथरून स्क्रीड करा. सांधे जास्त आणि वाहकता फोमपेक्षा किंचित जास्त, पण घनता कारखान्यात ठरलेली असते, दव आणि वारा यांचा प्रश्न नाही, आणि फवारणीचं रसायन नाही. सपाट, मोकळ्या, नेहमीच्या वापराच्या टेरेसला आम्ही बोर्डच सुचवू. पाइप, चौथरे, वेडेवाकडे कोपरे फार असतील, तिथे फोम.

फोमच घ्यायचा ठरला तर वॉटरप्रूफिंग आणि फोम एकाच कंत्राटदाराकडे द्या, नाहीतर गळती झाल्यावर दोघे एकमेकांकडे बोट दाखवतील. गॅरंटी दोन वेगळ्या कागदांवर घ्या : एकावर गळती, दुसऱ्यावर फोमचं चिकटणं आणि जाडी. शेवटचे २० टक्के एक पावसाळा उलटल्यावर द्यायचे, अशी अट घाला. फोमचे कापलेले तुकडे त्याच दिवशी गोण्यांत भरून खाली न्यायला लावा. ते इतके हलके असतात की पहिल्या पावसात तरंगत जाऊन पावसाळी पाइपात अडकतात आणि टेरेसचा तलाव होतो. ते आवारात जाळू देऊ नका. रिकामे कॅनही उन्हात किंवा कचऱ्याच्या आगीजवळ नकोत, दाबाने फुटतात.

या वर्षीचं कोटेशन मेमध्ये टेबलावर असेल तर आत्ता फक्त पॅरापेटचे सांधे आणि पाइपांची तोंडं दुरुस्त करून घ्या, ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत थरांच्या पूर्ण तपशिलासह ठराव मांडा, आणि जुना कोबा फोडायला दिवाळीनंतर सुरुवात करा. म्हणजे पाणी साठवून चाचणी आणि सुकवणं होऊन फोमला जानेवारी मिळतो.

कळावे,

टेरेस, वॉटरप्रूफिंग आणि इन्सुलेशनच्या कामातले काही मुंबईकर अभियंते व कारागीर